वजा पंचवीस

सकाळी साडेदहाला शंकेने आपला लॅपटॉप तिच्या टेबलावर आणून ठेवला आणि पडद्यावरच्या प्रोग्रॅमच्या एका ओळीवर बोट टेकवलं, तेव्हा तिचं अर्धं लक्ष दुपारच्या भाषणात होतं. शंका हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. नोकरीला लागून तिला जेमतेम सहा महिने झाले होते, आणि या सहा महिन्यांत तिने एकही बैठक 'मला एक शंका आहे' म्हटल्याशिवाय संपू दिली नव्हती, म्हणून टीमने तिला हे नाव बहाल केलं होतं. मुलगी हुशार होती. फार हुशार माणसं सकाळी साडेदहाला नको वाटतात, हा भाग वेगळा. "मॅडम, एक गंमत बघा," शंका म्हणाली. "मी प्रोग्रॅममध्ये एकच अर्ज दोनदा घातला. शिक्षण तेच, कामं तीच, सगळं तेच. फक्त दुसऱ्यात शेवटची नोकरी सोडल्याची तारीख तीन वर्षं मागे नेली. पहिल्याला बहात्तर गुण, दुसऱ्याला सत्तेचाळीस. मग म्हटलं, हे पंचवीस जातात कुठे? तर ते इथे जातात." बोट तिथेच होतं. "आणि कुणी लिहिलंय म्हणून बघितलं, तर..." ती थांबली. ओळीच्या डाव्या बाजूला बारीक करड्या अक्षरांत एक नाव होतं, आणि बारा वर्षांपूर्वीची तारीख. नाव मॅडमचंच होतं. आडनाव लग्नाआधीचं. "पहिलं नाव तुमचं आहे," शंका म्हणाली, "पण आडनाव वेगळं आहे ना, म्हणून म्हटलं, विचारावं. त्या नावाच्या दुसऱ्या कुणी होत्या का इथे तेव्हा?"

हो म्हणायला एक सेकंद पुरला असता. होती एक, गेली सोडून. आणि ते तसं पाहिलं तर फारसं खोटंही नव्हतं, हेही तिच्या मनात त्याच सेकंदात येऊन गेलं, आणि आपलं मन किती चटकन पळवाट काढतं याची तिला स्वतःचीच शिसारी आली. "ठेव इथे. बघते मी," एवढंच ती म्हणाली. शंकेने मान डोलावली, पण जाता जाता एकदा मागे वळून पाहिलं.

कोणती ओळ कुणी आणि कधी लिहिली हे दाखवणारी सोय या धंद्यात सगळ्यांकडे असते. त्या सोयीच्या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी दोष देणे असा आहे, आणि इतकी वर्षं सगळे ते नाव हसत हसत घेत आले आहेत. तिनेही घेतलं होतं. दुसऱ्यांच्या ओळींवर ती सोय चालवून, अगदी गोड आवाजात, 'हे पराक्रम कुणाचे?' असं भर बैठकीत विचारण्यात तिचा हातखंडा होता. कंपनीचा धंदा साधा होता: ज्यांच्याकडे नोकरीसाठी हजारोंनी अर्ज येतात त्यांना ते चाळून देणं. त्या प्रोग्रॅमला आतले सगळे चाळणी म्हणत. चाळणी प्रत्येक अर्जाला शंभरपैकी गुण देते. चाळीस आणि वर असेल तो अर्ज पुढे माणसाच्या नजरेला पडतो. खाली असेल तो पडत नाही. दोन आठवड्यांनी त्या अर्जदाराला आभाराचं पत्र आपोआप जातं, की आपण रस दाखवलात याचा आनंद वाटला. अर्ज करणारी बाई आहे की पुरुष हे चाळणीला ठाऊक नसतं, ते तिला कुणी सांगतच नाही. हे कंपनी प्रत्येक ग्राहकाला लेखी देत असे, आणि ती स्वतः तर हे इतक्या वेळा, इतक्या व्यासपीठांवरून सांगत आली होती, की आता तिला ते आपल्याच स्वभावाचं वर्णन वाटू लागलं होतं. आणि या चाळणीत बारा वर्षं ही एक ओळ बसलेली होती: नोकरी सुटून अठरा महिन्यांहून अधिक काळ झाला असेल तर पंचवीस वजा. तिच्या वर, तिच्याच हातची टीप: तात्पुरतं आहे, नंतर काढायचं.

टीप वाचली आणि तिला ती खोली आठवली. आठवली म्हणजे कुणी दार लोटून आत ढकलावं तशी ती त्या खोलीतच जाऊन पडली. एकोणतीस वर्षांची. टेबलाभोवती सात पुरुष आणि ती. त्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, दोन मजले उतरून जावं लागे, म्हणून ती सकाळी पाणीच बेताने पीत असे. आज संचालक असलेला गृहस्थ तेव्हा तिचा साहेब होता. त्याने पेन टेबलावर आपटत म्हटलं होतं, "आणि ते दोन-दोन, तीन-तीन वर्षं घरी बसलेले लोक असतात ना, त्यांना गंज चढलेला असतो. त्यांचं काहीतरी कर." ती म्हणाली होती, "किती कापू?" "तूच बघ गं." बस्स. दहा मिनिटांचं काम. पण त्या दोन वाक्यांच्या मधे एक क्षण होता, आणि तो आता, बारा वर्षांनी, असा लख्ख दिसत होता की तिला खुर्चीत बसवेना. घरी कोण बसतं, हे तिला त्या क्षणी माहीत होतं. तोंडापर्यंत प्रश्न आला होता: आणि मूल झालं म्हणून बसलेल्या बायका? घरात कुणी अंथरुणाला खिळलं म्हणून बसलेल्या? तो तिने गिळला. भीतीने गिळला असता तर आज तिने स्वतःला माफ केलं असतं. तिने तो ऐटीत गिळला. मुलाबाळांचा विषय काढणारी बाई आपण नव्हे, हे सात जणांना न बोलता दाखवून दिल्याचं समाधान तिला तेव्हा झालं होतं. बैठक संपल्यावर साहेब जिन्यात म्हणाला होता, "तुझं एक बरं आहे. तू बाई आहेस असं वाटतच नाही." आणि ही शाबासकी तिने आठवडाभर मिरवली होती. घरी सांगितली होती. धाकटीला फोन करून सांगितली होती.

धाकटी म्हणजे तिची बहीण, चार वर्षांनी लहान. फोनवर ती खो खो हसली होती. "अगं ताई, ही काय तारीफ आहे? उद्या म्हणेल, तू माणूस आहेस असंही वाटत नाही."

ती खुर्चीतून उठली आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिली. आता प्रत्येक मजल्यावर बायकांसाठी वेगळी सोय होती. त्यासाठी तिनेच भांडून घेतलं होतं, आणि दुपारच्या भाषणातला पहिला विनोद त्यावरच होता. आज चार वाजता सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर ती मुख्य अभियंता झाल्याचं जाहीर व्हायचं होतं. कंपनीतली पहिली बाई. सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं, तरी सगळे माहीत नसल्याचा आव आणून तिच्याकडे बघून हसत होते. आरशात तिला एक बरी दिसणारी, नीटनेटकी, एक्केचाळीस वर्षांची बाई दिसली. नोकरीत एक दिवसाचीही फट नसलेली, असं तिला सुचलं. हे वाक्य तिचं लाडकं होतं. मुलगा झाला तेव्हा ती अकराव्या आठवड्यात कामावर परतली होती. टाके दुखत होते, उभ्या उभ्या डोळे मिटत होते, दूध काढायला ती सामानाच्या खोलीत जुन्या छपाईयंत्रांच्या आड बसायची आणि बाहेरून कुणी कडीला हात लावला की श्वास रोखून धरायची. सासूबाई बिचाऱ्या म्हणाल्या होत्या, "वर्षभर राहा की घरी. पळून जातंय का काम?" आणि तिने ठामपणे सांगितलं होतं, "आई, एकदा बाहेर पडलं ना, की पुन्हा आत घेत नाहीत." सासूबाईंनी विचारलं होतं, "असं कोण म्हणतं?" तेव्हा ती काहीतरी पुटपुटली होती, सगळेच म्हणतात, जगच असं आहे, वगैरे. नळ वाहत होता. जग! अठरा महिने आणि पंचवीस गुण, इतकं नेमकं जग. ज्या दाराच्या धाकाने ती अकराव्या आठवड्यात धावत परतली, ते दार लावून घेणारा हात तिचाच होता, आणि तरी तेव्हा तिला खरंच ते आठवत नव्हतं. की आठवत होतं? कुठेतरी, खाली, आठवत असेल म्हणूनच ती इतकी घाबरली असेल? हे तिला ठरवता येईना. एक मुलगी आत आली, तिला बघून ओळखीचं हसली आणि म्हणाली, "मॅडम, आज तुमचा दिवस!" तिने नळ बंद केला.

टेबलाशी परतल्यावर तिने जे करायचं नव्हतं ते केलं. जुन्या अर्जांच्या साठ्यात शिरायची परवानगी कंपनीत चौघांनाच होती, त्यांतली ती एक. तिने सहा वर्षांपूर्वीचं साल घातलं आणि मग आडनावाच्या जागी तेच, लग्नाआधीचं, आडनाव टाईप केलं. धाकटीने ते कधीच बदललं नव्हतं.

धाकटी तिच्याहून सरस होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे, कारण थोरलीला नोकरी आधी लागली होती. गणित धाकटीला नुसतं बघून सुटायचं. थोरली वही भरून उत्तरापर्यंत पोहोचायची, तोवर धाकटी खिडकीत बसून पेरू खात असायची. धाकटीचीही नोकरी छान चालली होती, आणि मग वडिलांचं ते झालं. सकाळी दाढी करता करता ते खाली बसले, ते अर्धं अंग आणि सगळी वाचा गमावूनच उठले. आई आधीच गेलेली. रुग्णालयाच्या बोळात, फिनेलच्या वासात, दोघी बहिणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. थोरलीचं मूल वर्षाचं होतं आणि हातात एक मोठं काम होतं. "सहा महिने बघ," ती म्हणाली होती. "हे काम हातावेगळं झालं की मी येते. मग तू जा परत." धाकटीने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "तू जा ताई. तुझं नीट चाललंय. माझं काय, मला कुठेही घेतील." सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. थोरली एक आड एक शनिवारी फळं घेऊन जायची, वडिलांचा हात हातात धरून बसायची, रविवारी दुपारी निघताना डोळे पुसायची. धाकटी डोळे पुसत नसे, तिच्या हातात तेव्हा बहुधा बेडपॅन असे. पण त्या तीन वर्षांत धाकटीने घरातल्या जुन्या संगणकावर वडिलांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर मोठी मोठी अक्षरं. डाव्या हाताच्या एका बोटाने वडील एक अक्षर दाबायचे आणि त्यांना काय म्हणायचं असेल ते प्रोग्रॅम पुढे मांडायचा, सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं, ते ज्या वेळी जे मागतात ते ध्यानात ठेवून. त दाबला की तहान, आणि शुक्रवार असला की, उद्या शनिवार म्हणून, त्याच्याही आधी ताई. असला प्रोग्रॅम थोरलीच्या टीममधल्या कुणाला सांगितला असता तर चार माणसं आणि वर्षभर लागलं असतं.

धाकटीचा याच कंपनीतला अर्ज सापडला. तारीख वडील गेल्यानंतर चार महिन्यांची. धाकटीने शिफारस नको म्हणून सांगितलं होतं, बाहेरच्या दारानेच येणार म्हणाली होती. कामाच्या रकान्यात शेवटच्या तीन वर्षांसमोर तिने एकच ओळ लिहिली होती: वाचा गेलेल्या रुग्णासाठी शब्द सुचवणारा प्रोग्रॅम, वापरणारी माणसं एक. चाळणीला ओळी वाचता येत नाहीत, तिला तारखा वाचता येतात. खाली निकाल होता. एकूण गुण एकसष्ट. वजा पंचवीस. छत्तीस, चाळिसाला चार कमी. माणसाने पाहिला: नाही. हीच चाळणी आणखी दीड-दोनशे कंपन्या वापरत होत्या, म्हणजे धाकटी ज्या ज्या दारात गेली असेल त्या त्या दारात हीच ओळ तिच्या आधी जाऊन उभी होती. आणि त्या वर्षी तिने धाकटीला काय सांगितलं होतं? हे मात्र तिला शब्दन् शब्द आठवत होतं. "तू जरा मागे पडलीस गं. हे क्षेत्र थांबत नाही कुणासाठी. एखादा कोर्स कर." धाकटीने एक सोडून तीन कोर्स केले. मग करणं बंद केलं. आता ती एका शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना संगणक शिकवायची, म्हणजे माउस कसा धरायचा ते. कधी भेटली की विद्यार्थ्यांच्या गमती सांगायची आणि थोरली म्हणायची, "तुला मुलांची आवड आहेच पहिल्यापासून." धाकटीला मुलांची आवड कधीच नव्हती.

सांगायला हवं होतं. आत्ता, उठून, फोन करून. यात दुसरं मत असू शकत नव्हतं. तिने फोन हातात घेतला, धाकटीचं नाव काढलं आणि ठेवून दिला. वर्गात असेल. मग जेवणाची सुट्टी झाली असेल तेव्हा पुन्हा काढलं. जेवू दे बिचारीला. आधी वरिष्ठांच्या कानावर घालावं, हेच रीतीला धरून, असं तिने स्वतःला पटवलं. बहिणीला तोंड देण्यापेक्षा संचालकाला तोंड देणं सोपं वाटावं, यातच सगळं आलं, पण ते तिने त्या वेळी मनाला शिवू दिलं नाही.

संचालक खिडकीशी उभा राहून आरशाशिवाय टाय बांधत होता. बारा वर्षांत केस गेले होते, पेन आपटायची सवय तेवढी राहिली होती. तिने सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. "मी असं म्हणालो होतो?" तो म्हणाला. "अगं, मला सकाळचं आठवत नाही आणि तू बारा वर्षांपूर्वीचं काढतेस."

"तुम्ही म्हणालात, सर. पण आकडा माझा आहे."

"बरं, मग काढून टाक की ती ओळ. एका ओळीचं काम. उद्या कर. आज नको, आज तुझा दिवस आहे."

"इतकी वर्षं जे अर्ज..."

"हे बघ, आपल्या चाळणीला बाई-पुरुष कळतच नाही. कुणावर मुद्दाम अन्याय केलाय का आपण? नाही ना? मग झालं तर. उगाच मनाला लावून घेऊ नकोस." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या मुलीला इंजिनिअर व्हायचं होतं आणि तिच्याशी बोलशील का म्हणून तो दोनदा विचारून गेला होता. त्याच्यासमोर बसून तिच्या लक्षात आलं, की आपण इथे सांगायला आलोच नव्हतो, 'उद्या कर' हे ऐकायला आलो होतो. आणि ते ऐकून क्षणभर खरंच हलकं वाटलं, याची लाज पुढचे दोन तास तिला पुरली.

चार वाजता उपाहारगृहातली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. तीनएकशे माणसं. कॉफीचा वास, हसण्याचे आवाज, कुणीतरी माइक फुंकून बघत होतं. संचालकाने तिचं कौतुक केलं, तिच्याइतकी कामसू व्यक्ती पाहिली नाही म्हणाला, कधी रजा नाही, कधी खंड नाही. खंड हा शब्द त्याने सहज वापरला. ती उभी राहिली. स्वच्छतागृहाचा विनोद सांगितला, लोक हसले, पुढच्या रांगेतल्या बायका तर जास्तच. मग कागदावरचं पुढचं वाक्य तिच्याने उच्चारवेना. वाक्य असं होतं: मी जिथे पोहोचले तिथे कुणीही पोहोचू शकतं. तिने कागद उलटा ठेवला. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. आणि मग ती बोलली. चाळणीत एक ओळ आहे, म्हणाली. नोकरीत खंड पडलेल्यांना खाली ढकलणारी. ती मी लिहिली. तेव्हा मला माहीत होतं, खंड कुणाच्या नोकरीत पडतो. मी विचारलं नाही, कारण मला तुमच्यातली एक व्हायचं होतं. बारा वर्षं किती जणींचे अर्ज कुणी न बघताच परत गेले याचा आकडा माझ्याकडे नाही, आपण बाई-पुरुष लिहूनच घेत नाही, त्यामुळे तो कधी मिळणारही नाही. बोलताना तिला वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणीतरी विचारेल, लाज नाही वाटली? आपल्याला ते हवं होतं, हे तिला समजत होतं. कुणीतरी दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात म्हणजे सुटू, अशी तिची अवस्था झाली होती.

टाळ्या वाजल्या. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. पुढच्या रांगेतली एक उभी राहिली, मग सगळी रांग. शंकाही उभी राहिली होती. डोळ्यांत पाणी आणून, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून, ती सगळ्यांहून जोरात टाळ्या वाजवत होती. "नको," ती माइकमध्ये म्हणाली, "टाळ्या नकोत," पण ते कुणाला ऐकू गेलं नसावं, कारण संचालकाने माइक हातात घेतला होता आणि नेतृत्व कशाला म्हणतात ते तो सांगत होता. खाली बसताना तिच्या कानाशी लागून म्हणाला, "झकास झालं. मी तुला उगाच थांबवत होतो. हे असं मनापासून बोलणं लोकांना भिडतं. पुढच्या महिन्यात ती मोठी परिषद आहे ना, तिथे हेच बोल." कुणीतरी तिच्या हातात फुलं दिली.

फुलं घेऊनच ती जिन्यात आली. लिफ्ट सगळे वापरतात, जिन्यात कुणी नसतं. तीनशे माणसांना सांगून झालं होतं आणि छातीवरचा दगड होता तिथेच होता. ती पायरीवर बसली आणि यावेळी विचार करायला स्वतःला वेळच न देता धाकटीला फोन लावला. तीन वेळा घंटी वाजली. मागे मुलांचा कालवा होता. "थांब हं," धाकटी म्हणाली, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी, "ए, रांगेत! बॅगा काढा आणि गुपचूप रांगेत." मग दार लागल्याचा आवाज. "हं, बोल. झालीस का मोठी साहेबीण?"

तिने सांगितलं. वर सगळ्यांसमोर सांगताना जे शब्द होते त्यांतला एकही इथे उपयोगी पडला नाही. मी ओळ लिहिली, तुझा अर्ज बघितला, छत्तीस होते, असं तोडून तोडून सांगितलं.

"मला कळलं होतं काहीतरी असणार," धाकटी म्हणाली. "मी एकदा तारखा बदलून पाठवला होता एका ठिकाणी. तीन दिवसांत बोलावणं आलं."

"गेली नाहीस?"

"खोटं होतं ना ते." ती थोडं हसली. "मी त्या माणसाला टकल्या म्हणायचे. ज्याने हे लिहिलं असेल त्याला. डोळ्यांसमोर यायचा माझ्या. टक्कल, ढेरी, चष्मा नाकावर आलेला. चांगल्या शिव्या घातल्यात मी त्याला. भांडी घासताना तर रोज."

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"सांगितलं होतं, ताई." आवाज शांत होता. "तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं होतं. तू म्हणालीस, असं काही नसतं गं, आमची चाळणी सगळ्यांना सारखी आहे. आणि कोर्स कर म्हणालीस."

तिने आठवायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघर आठवलं, धाकटी ओट्याला टेकून उभी असायची ती जागा आठवली, कोर्स कर हेही आठवलं. त्याच्या आधीचं काही आठवेना. धाकटी काय बोलली होती, कशी बोलली होती, काहीच नाही. तिने फुलं बाजूला पायरीवर ठेवली.

"तेव्हा तुला माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

"नाही गं. शपथ. मी विसरून गेले होते."

"खरंच विसरली होतीस?"

"खरंच."

"माहीत असतं तर बरं झालं असतं," धाकटी म्हणाली. "मग निदान माझ्या बाजूने एकदा तरी विचार केला असतास. लपवायला का होईना."

थोरली बोलत राहिली. आता नियम काढून टाकू, तू पुन्हा अर्ज कर, मी बघते, मी स्वतः बघते, आता माझ्या हातात आहे, वय काहीच नाही तुझं. धाकटीने तिला बोलू दिलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी जिन्याचं दार उघडून तिला हाका मारत होतं, फोटो काढायचा होता. ती उठली नाही.

"सगळ्यांसमोर सांगितलंस म्हणतेस," मधेच धाकटीने विचारलं. "काय म्हणाले लोक?"

"टाळ्या वाजवल्या."

"अरे वा."

"असं नको बोलूस."

"मग कसं बोलू? तुला काय ऐकायचंय ते सांग, ते बोलते. माफ केलं म्हणू?"

"नको."

"मग?"

फोन कानाला इतका घट्ट दाबून धरला होता की कान दुखायला लागला होता. पलीकडे मुलं दारावर थापा मारत होती, बाई, बाई म्हणून ओरडत होती, आणि धाकटी त्यांना काही उत्तर देत नव्हती.

"पंचवीसच का?" धाकटीने विचारलं.

"असंच. सुचला तो आकडा."

"वीस सुचले असते तर माझे एक्केचाळीस झाले असते," धाकटी म्हणाली, आणि मुलांसाठी दार उघडलं.